नेम धरलेला असताना

समृद्धीनं रायफल खांद्याला लावली आणि घर जागच्या जागी थांबलं. चुलीपाशी बसलेल्या तिच्या आईचा, सिताबाईचा हात जळणाच्या तुराट्यांच्या ढिगावर होता, तो तिथंच राहिला. बाप धुळाप्पा एक पाय उंबऱ्यावर ठेवून दारातच उभा राहिला. ही आता या घरची रीतच झाली होती. "धुळाप्पाच्या घरी रोज सांजच्याला कुणीतरी वारतंय जणू," असं गल्लीतली माणसं म्हणायची.

अर्धी मेंढरं विकून नेमबाजीच्या सरावासाठी ती रायफल आली होती. गप्प बसायला तरी पैसे पडत नव्हते. आणि खरं सांगायचं तर दोघांना ते आवडायचंही. समोरच्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडं बघताना पोरीचा चेहरा इतका निवांत व्हायचा, की लग्नाची बोलणी, मेंढरांचा अर्धा रिकामा वाडगा, सगळं तिच्यापुरतं नाहीसंच व्हायचं.

तुराट्यांतून विंचू निघाला. तांबडा.

धुळाप्पानं तो पाहिला. ज्याच्या एका हाकेसरशी मेंढरं माघारी फिरायची, त्याच्या तोंडून ब्र निघेना. त्यानं बोटानं खूण केली. नवरा उगाच चुळबुळ करतोय असं वाटून सिताबाईनं त्याच्यावर डोळे वटारले.

मग तिचं अंग एकदम ताठ झालं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. धुळाप्पा पुढं झाला, तसा तिनं दुसरा हात उचलून त्याला थांबवलं.

समृद्धीनं श्वास अर्ध्यावर धरला. चाप ओढला. टक् झालं.

"आये, आज लई स्थिर धरली बघ," म्हणत ती वळली. आई भिंतीला कलंडली होती.

"विंचू!" धुळाप्पाला आता कंठ फुटला. "लोहाऱ्याच्या दवाखान्यात न्याया जीप बघतो!" म्हणत तो धावत सुटला.

समृद्धी आईकडं झेपावली. पण अंगात घातलेल्या नेमबाजीच्या जाड, ताठ जाकिटात तिला वाकताच येईना. पट्टे सुटेनात. उभ्या उभ्याच ती रडायला लागली.

"हाक का न्हाय मारलीस गं आये? बंदुकीत छर्राच नव्हता! छर्रे पुरवायचे म्हणून नुसताच चाप वढत हुते म्या!"

सिताबाईनं घामेजलेला चेहरा वर केला.

"आमाला काय ठावं गं बाई, कवा छर्रा असतोय आन् कवा न्हाय."