थेट नंबर

"गप्प बसा सगळे, लागला फोन," नाना म्हणाले, आणि त्यांनी हात असा काही वर केला की नातवाने तोंडातला घास चावायचंसुद्धा थांबवलं.

सगळं घर जेवणाच्या टेबलाशी बसलं होतं. सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं होतं. मुलाने ट्रॅव्हल एजन्सीचा दराचा कागद आणून टेबलावर ठेवला होता, आणि नानांनी त्या कागदावर पाण्याचा पेला ठेवला होता.

"एजन्सी म्हणजे मधला माणूस," ते म्हणाले होते. "तो काय हवा खाऊन जगतो? मी थेट हॉटेलशी बोलून यापेक्षा कमी करून दाखवतो. नाही जमलं तर करा तुमच्या एजन्सीतून."

ती एजन्सी नानांच्या लेकीची होती. म्हणून कुणी हसलं नाही.

नानांचं कापडाचं दुकान होतं तेव्हा ते गिरणीतून थेट माल उचलत. मधल्या माणसाला त्यांनी कधी दुकानाची पायरी चढू दिली नाही. लेक शाळेतून सुटली की गल्ल्यापाशी येऊन बसायची. पुढे दुकान तीच बघणार, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. तिने एजन्सी काढली त्या दिवशी ते म्हणाले, "इतकं शिकवलं, आणि शेवटी मधला माणूसच झालीस." सौदा मोडल्यावर गिऱ्हाईक उठावं तशी ती घरातून उठून गेली. त्याला आता दोन वर्षं झाली होती. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत होते, पण आजीमार्फत. "नानांना सांग, गोळ्या चुकवू नका." "तिला सांग, गाडी बेताने चालव." आजी निरोप इकडून तिकडे न्यायची, आणि वाटेत त्यातलं टोचणारं काढून टाकायची. गुडघे दुखत असले तरी या कामाला तिला सुट्टी नव्हती.

हॉटेलचा थेट नंबरही आजीनेच कुठून तरी मिळवून कपट्यावर लिहून दिला होता. आपला सौदा सगळ्यांनी ऐकावा म्हणून नानांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, बुकिंग," एक मुलगी बोलली.

"समुद्रावरच्या त्या हॉटेलचंच ना?"

"हो काका, त्याचंच. किती खोल्या?"

नानांनी तीन सांगितल्या. तिने भाव सांगितला. पेल्याखालच्या कागदावर होता तेवढाच, ना कमी ना जास्त. मुलगा खाकरला.

"हा तुमचा भाव झाला," नाना खुर्चीत पुढे सरकून म्हणाले. "आता माझा ऐका." त्यांनी त्यातला पाव हिस्सा सरळ कापून टाकला.

"आमचा भाव सांगितलाय काका," मुलगी म्हणाली, आणि गप्प झाली.

नानाही गप्प झाले. आता त्यांना मजा येऊ लागली. हा तर त्यांचा आखाडा. दुकानात त्यांचा एकच नियम होता. भाव सांगायचा आणि उलगडलेल्या कापडाची घडी घालायला घ्यायची. पुढे बोलायचं नाही. जो आधी बोलला तो हरला. मुलाला हे कधीच जमलं नाही. दुसऱ्या घडीलाच तो म्हणायचा, "बरं, तुम्ही काय द्याल?" लेकीला मात्र फ्रॉक घालायच्या वयात जमलं होतं. गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं आणि ती शांतपणे घड्या घालत बसायची.

ताटातलं गार झालं. फ्रीज गुरगुरला आणि थांबला. सुनेने जांभई गिळली. फोनमधून फक्त कागदाची सळसळ येत होती.

शेवटी मुलगी कुजबुजली, "काका, तुम्ही बोला ना. मला आधी बोलायची बंदी आहे."

"कुणाची?"

"आमच्या मॅडमची. भाव सांगितला की माहितीपत्रकांच्या घड्या घालायच्या आणि तोंड उघडायचं नाही. इथे नुसता ढीग झालाय हो काका."

नानांचा हात टेबलावरच राहिला. मुलाने आजीकडे पाहिलं. आजी एक स्वच्छ चमचा फडक्याने पुसत होती.

"मॅडमना द्या फोन," नाना म्हणाले.

फोन कुणीतरी घेतला. कुणी बोललं नाही. सळसळ पुन्हा सुरू झाली, पण आता ती सावकाश होती. काठाला काठ, मग मधून एकदा बोट फिरवलेलं. ती घडी नानांच्या दुकानातली होती.

नाना ऐकत राहिले. जन्मात ते कधी आधी बोलले नव्हते. गिरणीच्या मालकाशी नाही, व्याह्यांशी नाही, आजीशी तर नाहीच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घसा साफ केला.

"तीन नको, चार खोल्या कर," ते म्हणाले. "तूही चल. भाव तू म्हणशील तो."

सळसळ थांबली.

"घरच्यांना सवलत असते नाना," लेक म्हणाली. "पण त्यासाठी आधी बोलावं लागतं."

फोन ठेवल्यावर नानांनी पेला उचलला. भिजलेल्या कागदाच्या तळाशी एजन्सीचा नंबर छापलेला होता. त्यांनी हातातला कपटा त्याच्याशेजारी धरला, दोन्हीवरून बोट फिरवलं आणि मान वर केली.

"मी तुझ्याकडे थेट नंबर मागितला होता."

"तोच तर दिला," आजी त्यांचं ताट पुढे ओढून गरम गरम वाढत म्हणाली. "याहून थेट माझ्याकडे नव्हता."