दसऱ्याचा लोलक

लोलक थांबला होता.

जयमालानं बळदाचं दार उघडून आत बॅटरी मारली. धान्य भरून ठेवायच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत गेल्या दिवाळीपासून अखंड हलणारा लोलक मुकाट उभा लटकला होता. दांडीला झेंडूची माळ. वजनाच्या गोळ्यावर हळदीकुंकू. खाली पाट, पाटावर नारळ आणि आपट्याची पानं.

लोलकाच्या ठोक्यांची मोबाईलवर येणारी नोंद अचानक तुटली म्हणून ती चुलीपुढून धावत आली होती. हाताला पुरण तसंच होतं. वाटलं होतं, एखादी वायर निघाली असेल. माळ पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोनं हात लावला याले?"

अंगणात पुजलेल्या ट्रॅक्टरपाशी पाहुण्यांसोबत गप्पा ठोकत बसलेला तिचा नवरा, भागवत, उठून आला. आत डोकावला आणि हसला. हसला हो, चक्क हसला!

"अवं, घड्याळच तं बंद पडलं. चावी दे अन कर चालू. सणासुदीचं कायले बोंबलून राह्यली?"

चावी म्हणे! गाढवाला गुळाची चव काय. जयमाला बुलढाण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि अचूक घड्याळांवर संशोधन करायची. हा लोलक तिनं स्वतः घडवला होता. त्याची दांडी अशा धातूची, की उन्हाळ्या-हिवाळ्यात तिची लांबी जवळजवळ बदलू नये. उपग्रहावरून येणाऱ्या वेळेच्या तुलनेत या लोलकाचं घड्याळ वर्षभरात किती ढळतं, ते तिला पाहायचं होतं. कॉलेजात जिन्यावरून पोरं धावली तरी भिंती हादरायच्या. म्हणून तिनं धामणगाव बढ्याच्या सासरच्या घरातलं हे बळद निवडलं. मातीच्या जाडजूड भिंती, आत ना ऊन पोचत ना थंडी. अट एकच होती. वर्षभर लोलक थांबायला नको. मध्येच थांबला की सगळं मुसळ केरात. येत्या दिवाळीला वर्ष पुरं होणार होतं, आणि विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढही तेव्हाच संपत होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला आता वेळच नव्हता. डॉक्टरेट गेली.

आणि गेली कशानं? भूकंप झाला नाही, वीज पडली नाही. झेंडूच्या माळेनं गेली!

"तुमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात म्या माती टाकली असती, तं असेच हसले असते काय?" ती नवऱ्यावर खेकसली. "साऱ्या घराले बजावलं होतं, बळदात जाऊ नका म्हनून. मंग कोन गेलं?"

"मले काय मालूम? मी तं बाहीर होतो," भागवत म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. जाता जाता स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायला मात्र विसरला नाही. "माय, जेवनाचं पाह्य वं! मानसं भुकेजली."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

"मी गेली होती," मागून आवाज आला.

रुक्मिणीबाई, तिची सासू, पदराला हात पुसत उभी होती. जयमाला आजवर तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आज बोलली.

"तुमी? आत्याबाई, तुमाले सांगतलं नव्हतं काय मी? पाया पडून सांगतलं होतं! पहाटे उठून डबे केले, बसमंदी उभी राहून बुलढान्याले गेली, घरी येऊन भाकरी थापल्या, अन मंग जागून जागून हे केलं. एक दिवस सुटी घेतली नाही, आत्याबाई. एक दिवस! अन तुमी पार मातीत घातलं."

सासूनं खाली पाहिलं नाही, की माफी मागितली नाही. त्याचाही जयमालाला संताप आला.

"दसरा हाये," रुक्मिणीबाई म्हणाली. "नांगर पुजला, वखर पुजला, टॅक्टर पुजला, शिलाईची मशीन पुजली. तुहं औजार तसंच ठेवू काय? तेबी या घरचंच हाये. अन पुजलेलं औजार दसऱ्याले चालवत नसतात. त्या दिवशी त्याले सुटी रायते."

"पुजायचं होतं तं उंबऱ्यावरून पुजायचं! कुंकू टाकायचं अन निंघायचं! हात लावून थांबवलं काऊन?"

अंगणातून पुन्हा हाक आली. पानं वाढा म्हणून. पुरण करपल्याचा वास येत होता. सवयीनं रुक्मिणीबाईचा पाय स्वयंपाकघराकडे वळला. मग ती थबकली आणि दाराची चौकट धरून तिथंच उभी राहिली.

"वर्सभर या दाराआडून आयकून राह्यली मी याले," ती म्हणाली. "भांडे घासता घासता आयको, दळन निवडता निवडता आयको. रात नाही, दिवस नाही, सन नाही, दुखनं नाही. आपलं टकटक, टकटक. ताप भरला तरी पोया लाटाच लागते, तसं."

"म्हनून थांबवलं?"

"लगन होऊन आली तवापासून मले कोनी बस म्हनलं नाही, पोरी. अन तुलेबी मी कधी बस म्हनू शकली नाही. या घरात माह्या हातानं थांबवता येईन असं हे एकच होतं."