सात नंबरच्या मॅडम

सव्वासात होऊन गेले तरी रावसाहेब जोंधळे बाकावरून उठले नव्हते.

संघप्रियानं चहाचा कप खाली ठेवला आणि पडद्यावर चार नंबरचा कॅमेरा मोठा केला. कोपरखैरण्यातल्या त्या सोसायटीच्या गेटाशेजारी सिमेंटचा एक बाक होता. रावसाहेब सकाळी फिरून आले की त्यावर थोडा वेळ टेकायचे आणि सातच्या आत घरी जायचे. आज ते पुढे वाकले होते. एक चप्पल पायातून सुटली होती. हात शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि अर्ध्यातूनच परत यायचा.

तिनं वॉचमनला फोन लावला.

"शहाजीभाऊ, बाकावर जोंधळेकाका आहेत. धावत जा. साखर घेऊन जा."

"डुलकी लागलीय त्यांना, मॅडम. काय टेन्शन नाय."

"डुलकी नाही, शुगर उतरलीय. शुद्धीत आहेत तोवर साखर द्या तोंडात. आणि समोरच्या डॉक्टरांना बोलवा. त्यांना सांगा, इन्शुलिन घेतात."

शहाजीनं केबिनमधला चहाच्या साखरेचा डबा उचलला आणि तो पळाला. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. शहाजी काय बोलतोय, म्हातारा काही बोलतोय का, काहीच कळत नव्हतं. ती उभी राहूनच बघत होती. आठ-दहा मिनिटांनी रावसाहेबांनी मान वर केली आणि डॉक्टरांच्या हातून पाण्याचा पेला घेतला. तेव्हा ती खुर्चीत बसली.

बाहेर हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव सुरू झाला होता.

संघप्रियाची कंपनी महाप्याला होती. ऑफिसात चारच माणसं, बाकी सगळी आपापल्या घरून सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवायची. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन ती हर्णैला आली तेव्हा तिच्याकडे एक सॅक आणि एक लॅपटॉप होता. नवरा सौरभ होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पहिलं वर्ष नुसतं समुद्र बघण्यात गेलं. वारा सुटला की इंटरनेट जायचं, त्यामुळे कोणी काम देईना. मग ही नोकरी लागली. सौरभनं होडीच्या जुन्या बॅटऱ्या जोडून वीज गेली तरी चालेल अशी सोय करून दिली. सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, आपली खिडकीची खोली रिकामी केली. "हितं रेंज चांगली हाय, तू हितंच बस," म्हणाल्या आणि स्वतःची गादी स्वयंपाकघरात नेली.

एवढं आपल्याला कोण देतं, असं तिला अजून वाटायचं. सकाळी लॉग इन केलं की पडद्यासमोर ती क्षणभर हात जोडायची. पोटापाण्याला नमस्कार करते, असं दुर्गाबाई शेजारणींना कौतुकानं सांगत.

सुरुवातीला तिच्याकडे बेलापूरची एक शांत बंगल्यांची कॉलनी होती. कोपरखैरणं ऋताकडे होतं. सोळा कॅमेरे आणि रोजची पार्किंगची भांडणं. संघप्रियानं आपणहून बदली मागितली.

"डोकं फिरलंय तुझं," ऋता फोनवर म्हणाली आणि तिचं मन बदलायच्या आत ऑफिसला कळवून मोकळी झाली.

त्यालाही दोन वर्षं झाली. सोसायटीत तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. कंपनी ऑपरेटरचे फक्त नंबर सांगायची. सगळ्यांसाठी ती सात नंबरच्या मॅडम.

त्या सकाळनंतर तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी चारुलताबाईंचा फोन आला. जोंधळेकाकांना व्हिडिओ कॉलवर आभार मानायचे होते.

"त्याची गरज नाही, मॅडम. माझं कामच आहे ते."

"मी तेच सांगितलं. ऐकत नाहीत. एकटा माणूस आहे हो, तेवढं करा."

तिनं दोनदा टाळलं. शेवटी महाप्याहून साहेबांचा निरोप आला, पाच मिनिटं बोलून घ्या.

शनिवारी दहा वाजता ती कॉलवर आली. कॅमेरा बंद, माईक बंद. 'आवाजाचा प्रॉब्लेम आहे, लिहून बोलते,' असं तिनं टाइप केलं. चारुलताबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

रावसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गालावर दाढी करताना कापल्याची खूण होती. त्यांनी काळ्या पडद्याला हात जोडले.

"मॅडम, डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. तुमचे उपकार आहेत."

'उपकार नाहीत. आता बरं वाटतंय ना?'

"बरं आहे. मंडळी गेल्यापासून खाण्यापिण्याचं काही खरं नाही. मूलबाळ नाही. त्या दिवशी गेलो असतो तर रडायलाही कोणी नव्हतं बघा."

संघप्रियानं काहीतरी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं आणि खोडलं.

"नेटवर्क गेलं वाटतं," चारुलताबाई म्हणाल्या.

मग अक्षरं आली. 'इन्शुलिन घेतल्यावर काही न खाता फिरायला जायचं नाही.'

रावसाहेब हसले. "असं दटावणारं कोणी राहिलं नाही घरात." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "मॅडम, एक विनंती आहे. तुमचं तोंड तेवढं दाखवा. ज्यानं जीव वाचवला त्याला न बघताच आभार मानायचे, हे मनाला पटत नाही."

"काका, कंपनीचे नियम असतात," चारुलताबाई म्हणाल्या.

"तुमच्या साहेबांना मी सांगतो. एकदाच बघू द्या. लेकीसारख्या आहात तुम्ही."

दुर्गाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. संघप्रियानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान डोलावली.

तिनं माईक चालू केला.

"तोंड दाखवू नकोस, असं तुम्हीच सांगितलं होतं, बाबा."