डोक्याकडची वीट

तिवस्याच्या नाल्याकाठी, स्मशानात, भर दुपारी इजिप्तच्या पिरॅमिडवरून भांडण जुंपलं होतं. भांडणारे दोघं लिंबाच्या सावलीत बसले होते आणि काम करणारा एकटा उन्हात होता. वादाचं असंच असतं. हात रिकामे असले की तोंडाला जोर चढतो.

उन्हातला तो डोमाजी गवंडी. बायकोला, चतुराबाईला, माती देऊन सहा दिवस झाले होते. उद्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजी येणार, त्याआधी कबरीवर ओटा उभा पाहिजे. चारी बाजूंनी गुडघाभर विटांची भिंत आणि वरून शहाबादी फरशी. दुसरा गवंडी लावू, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. डोमाजीनं सकाळीच थापी अन् ओळंबा पिशवीत टाकला आणि निघाला. रडला तो एकदाही नव्हता. लोक म्हणत, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला! त्याला काही वाटतच नव्हतं. सहा दिवस चहाला चव नव्हती आणि आता विटेला वजन नव्हतं.

"भाऊजी, तेवीस लाख दगड!" पुतण्या शुभम मोबाईल नाचवत म्हणाला. "क्रेन नाही, ट्रक नाही. मानसाच्यानं होते काय हे? वरून कोनीतरी येऊन बांधून देलं."

"वरून कोन येते बे? तुया मोबाईलातले?" जावई ललित अमरावतीला शाळेत इतिहास शिकवायचा, त्यामुळे हरणं त्याला परवडत नव्हतं. "मानसायनंच बांधलं. त्या मजुरायच्या कबरी सापडल्या तिथंच बाजूले."

"मंग चारी कोपरे एका लेव्हलमंधी कसे? त्या टायमाले मशीन होती?"

"मामाजीले इचार ना. मामाजी, कशी पाह्यली असन लेव्हल?"

"पान्यानं," डोमाजी मागं न वळता म्हणाला. "पानी कुठंबी सपाटच रायते."

ललितनं शुभमच्या पाठीत खूश होऊन थाप मारली. पण शुभम कसला ऐकतो!

"बरं, बांधलं. पन एका मुर्द्यासाठी येवढा खटाटोप? कोनी म्हनते धान्य ठेवाले बांधलं, कोनी म्हनते करंट तयार कराले."

"राजाची कबर हाये ते. बस."

"कबर हाये तं मंग आतल्या खोलीतून ते वीतभर भोकं कायले ठेवले? मेलेल्याले हवा लागते काय?"

इथं गुरुजी जरा अडले. "त्याचा वाद हाये," ललित म्हणाला. "कोनी म्हनते हवेसाठी, कोनी म्हनते राजाचा आत्मा ताऱ्याकडं जावा म्हनून. आपन आत्मा-गित्मा मानत नाही, पन ते लोक मानत. नक्की कोनालेच मालूम नाही."

तेवढ्यात डोमाजीची मुलगी भावना चहाची किटली घेऊन आली. ओट्याला वळसा घालून ती डोक्याकडच्या बाजूला गेली आणि तिथंच थांबली.

"बाबा, हे काय हाये?"

दोघंही उठून आले. डोक्याकडच्या भिंतीत, वरच्या थरात, एका विटेची जागा मोकळी होती.

"मामाजी, वीट राह्यली वाटते," ललित म्हणाला.

डोमाजी वाकून पाहू लागला. जणू त्यानंही ते आत्ताच पाहिलं. चाळीस वर्षांत त्याच्या हातून वीट राहिली नव्हती. आणि ही राहिलेलीही नव्हती. मोकळ्या जागेच्या कडा थापीनं नीट घोटून घेतल्या होत्या. गवंडी खिडकीच्या घेतो तशा.

"मी कवा ठेवलं, मले नाही मालूम," तो म्हणाला.

भावनाला मालूम होतं. आईला बंद खोलीत झोप लागायची नाही. पूस महिन्याच्या थंडीतही खिडकी उघडी ठेवायची आणि बाबा रोज कुरकुर करायचे. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या रात्री खिडकीची काच पक्की बसवलेली होती. "थोडी उघडा ना," आई दोनदा म्हणाली होती. बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं होतं, "सकाळी उघडू." सकाळ तिनं पाहिली नाही. भावना तेव्हा खाटेच्या पायथ्याशीच बसली होती.

"पावसाचं पानी जाईन आत. साप-इच्चूचं घर होईन," ललित म्हणाला. "शुभम, माल कालव."

शुभमनं सिमेंट-रेती कालवली आणि घमेलं आणून ठेवलं. ललितनं एक वीट पाण्यात बुडवून सासऱ्याच्या हातात दिली. डोमाजीचा हात एकदम खाली गेला. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याला कशाचं तरी वजन लागलं. पाणी ठिबकत होतं आणि तो नुसता वीट धरून उभा होता.

"आतल्या मानसानं मांगतलं असन," तो म्हणाला.

"काय मांगतलं?"

"ते भोक. तुमच्या पिरॅमिडातलं. आतल्यानं मांगतलं असन अन् गवंड्यानं ठेवलं असन. त्याच्यात वाद कायचा?"

डोमाजीनं वीट हळूच जमिनीवर ठेवली.

"सकाळी बुजवू," तो म्हणाला.

भावनानं किटली खाली ठेवली. घमेलं उचललं आणि कालवलेला सगळा माल लिंबाच्या बुडाशी नेऊन ओतला.

"ताई, काय करून राहिली तू?" शुभम ओरडला. "सकाळी पुन्हा कालवा लागन ना!"

"नाही लागत," भावना म्हणाली आणि रिकामं घमेलं धुवायला घेऊन गेली.