ठिपक्यांतला नवरा

उधव्याला आमचं लग्न झालं, तेव्हा मावसभावाने साध्या मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. पुढे मिथुनने मला टाकलं आणि पंचांसमोर सरळ म्हणाला, "या सुषमाशी माझं लग्न झालंच नाही." मी तो व्हिडिओ लावला. लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याने फोन बंद केला. "नुसते ठिपके दिसतात. यात मी कुठंय?"

पंच खो खो हसले.

परवा नरपडच्या रिसॉर्टवर त्याचं हर्षदाशी लग्न होतं. हल्ली म्हणे असे जुने, धुरकट व्हिडिओच भारी वाटतात. म्हणून त्याने गावाच्या ग्रुपवर टाकलं, "आमच्या हळदीचे व्हिडिओ जुन्या मोबाईलसारखे धुरकट करून स्क्रीनवाल्याला पाठवा." खाली नंबरही दिला.

मीही एक पाठवला, आणि मांडवात मागे जाऊन उभी राहिले.

मोठ्या स्क्रीनवर हळद माखलेला नवरा तारप्याच्या सुरावर नाचायला लागला. शिट्ट्या पडल्या. मिथुनने खुशीत माईक ओढून घेतला. "अरे, हा मीच! असा नाचून दाखवा कोणी!"

तेवढ्यात स्क्रीनवरच्या धवलेरीने गाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं, मिथुन. मग नवरीचं घेतलं, सुषमा. हर्षदाच्या हातातली वरमाळा तशीच राहिली.

पहिल्या रांगेत तेच पंच बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं,



"आता दिसला का?"