खरखर

ज्या ट्रान्समीटरची देखभाल करण्यात रघुनंदनच्या नोकरीची सगळी वर्षं गेली, तो त्या सकाळी रेडिओ केंद्राने त्याच्याच हातून कायमचा बंद करवला. यापुढे कार्यक्रम फक्त मोबाइलवर लागणार होते. संध्याकाळी तो नवा फोन घेऊन बंगळुरातल्या बसवनगुडीला थोरल्या बहिणीकडे गेला. अक्काची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने फोनच्या गुळगुळीत काचेवर बटण सापडतंय का ते चाचपून पाहिलं आणि फोन परत दिला.

"नको रे रघू. माझा रेडिओ बरा. सकाळपासून नुसता खरखरतोय, पण तू आहेस ना तिथे, करशील दुरुस्त. तोवर मी बसते ऐकत."

"सरी, अक्का, ठीक आहे," म्हणत रघुनंदनने रेडिओचा आवाज थोडा वाढवून दिला.