बेमालूम

मोहावीच्या वाळवंटात हौशी जीपवाल्यांनी पाडलेली चोरवाट बुजवायचं काम वेंडेल आणि त्याच्या स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं होतं. चाकोऱ्या दाताळ्याने पुसायच्या आणि वर वाळकी झुडपं रोवायची. वेंडेल भलताच काटेकोर; त्याने सगळ्यांना आपापली पावलंसुद्धा पुसायला लावली. दुपारी काम संपलं तेव्हा बाटल्यांतलं पाणीही संपलं होतं. पाण्याचे कॅन होते दूर खळग्यात उभ्या केलेल्या ट्रकमध्ये, आणि ट्रककडे जाणारी, आता बुजवलेली तीच वाट कुणालाच दिसेना. उन्हाळ्यात इथलं जिवंत झुडूपही मेल्यासारखंच दिसतं.

वेंडेलचा घाम थांबला, जीभ जड झाली आणि तो मटकन खाली बसला.

"वाट कुठेय रे, रॉय?" त्याची बायको ओपल शेजारच्या स्वयंसेवकावर ओरडली.

"तुझ्या नवऱ्यालाच विचार! म्हणे, गिधाडालाही कळता कामा नये!" असं म्हणत रॉयने त्याला पाठंगुळीला घेतलं.

ओपलने समोरच्या झुडपाला हिसका दिला. ते हललं नाही, खरं होतं. दुसरंही हललं नाही. तिसरं अलगद हातात आलं.

"हे आपलं! चल, इकडून!"

मग ती झुडपं उपटत पुढे आणि रॉय धापा टाकत मागे. तिच्या हातांची सालटी निघाली, तेव्हा कुठे ट्रकचं टप दिसलं.

डोक्यावर ओतलेलं पाणी ओठांत गेलं, तसे वेंडेलने डोळे उघडले. मागे वाळवंटात सरळ, मोकळी वाट पडली होती.

"ओपल," तो क्षीण आवाजात म्हणाला, "कुठल्या हरामखोराने केलं हे? गाडीचा नंबर टिपलास का?"